पोलीस ठाण्याचा प्रभार, देखरेख आणि नेतृत्व: नाशिक शहर व ग्रामीणमधील नव्या अधिकाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

त्र्यंबक रोडवरील महाराष्ट्र पोलीस अकादमीतून बाहेर पडणारे उपनिरीक्षक आणि प्रथमच प्रभार मिळालेले सहायक निरीक्षक व निरीक्षक यांच्याशी गेली अनेक वर्षे माझे बोलणे होत आले आहे. १९०६ मध्ये पुण्याजवळच्या भांबुर्ड्यात सुरू झालेली आणि १९०९ मध्ये नाशिकला आलेली ही प्रशिक्षण संस्था कायदा, कवायत आणि तपास उत्तम शिकवते. हाताखाली पन्नास-साठ माणसे आल्यावर त्यांच्याकडून काम कसे करून घ्यावे, हे मात्र प्रत्यक्ष ठाण्यात गेल्यावरच उमगते. पुढील प्रश्न त्या पहिल्या काळातले आहेत. उत्तरे सेवाकाळातील अनुभवावर आधारलेली आहेत आणि जिथे कायद्याचा संबंध येतो तिथे कलम दिले आहे.

प्रभार घेतल्यावर पहिल्या आठवड्यात काय करावे?

पहिले दोन दिवस आपल्या दालनात कमी आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलाशेजारी जास्त बसावे. फिर्याद घेऊन आलेल्या माणसाला कोण बसायला सांगते, कोण उभे ठेवते, कोण ‘साहेब नाहीत, उद्या या’ म्हणून परत पाठवते, हे तिथे अर्ध्या दिवसात कळते. त्यासाठी कोणाला प्रश्न विचारण्याची गरज पडत नाही.

त्यानंतर कागद पाहावेत. मागील तीन महिन्यांची स्टेशन डायरी (ठाण्यातील रोजच्या घडामोडींची नोंदवही) सलग वाचावी. नोंदी वेळच्या वेळी झाल्या आहेत की दिवसाअखेर एका हाताने, एका शाईने भरल्या आहेत, हे सलग वाचल्यावरच दिसते. बारनिशीत (आवक-जावक नोंदवहीत) प्रलंबित असलेले अर्ज मोजावेत. मुद्देमालाची खोली स्वतः उघडून नोंदवही आणि प्रत्यक्ष वस्तू यांचा मेळ घालावा आणि जो फरक आढळेल तो प्रभार घेतानाच लेखी नोंदवावा, कारण प्रभार अहवालावर सही झाल्यावर तो फरक आपला होतो. शस्त्रे आणि काडतुसे यांची मोजणी दुसऱ्याच्या सांगण्यावरून मान्य करू नये.

मग माणसे पाहावीत. प्रत्येक अंमलदाराला (शिपाई ते सहायक उपनिरीक्षक) दहा मिनिटे एकट्याने भेटावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात: घरी कोण आहे, राहायला कुठे आहात, कोणते काम चांगले जमते. नाशिकरोडला नेमणूक असलेला अंमलदार रोज निफाडहून येत असेल, तर त्याला रात्रपाळीनंतर दुपारी न्यायालयात पाठवण्याचा अर्थ काय होतो, हे या भेटीतच समजते. बीटवर मात्र त्यांच्यासोबत पायी जावे. गाडीतून पाहिलेली जुन्या नाशकातील भद्रकाली आणि पायी पाहिलेली भद्रकाली यांत फार अंतर आहे.

माझे वय सव्वीस आहे आणि माझ्या हाताखालील सहायक उपनिरीक्षकांची सेवाच तीस वर्षांची आहे. त्यांना आदेश कसे द्यावेत?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि बहुतेक जण त्याचे उत्तर दोनपैकी एका टोकाला जाऊन शोधतात. काही जण आवाज चढवतात आणि काही जण सगळे त्यांच्यावरच सोपवून मोकळे होतात. दोन्हींमुळे ठाणे हातातून जाते.

प्रत्येकाला ‘अहो-जाहो’ करावे, अगदी काल भरती झालेल्या शिपायालाही. एकेरी हाक ही आपल्या खात्यातील जुनी सवय आहे आणि ती मोडण्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. ज्या अंमलदाराला अधिकारी सकाळी हजेरीत सर्वांसमोर ‘ए, इकडे ये’ म्हणतो, तोच अंमलदार तासाभराने फिर्यादी म्हातारीला त्याच शब्दांत हाक मारतो. हे मी इतक्या ठाण्यांत पाहिले आहे की त्याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही.

जुन्या अंमलदारांचे ज्ञान मान्य करावे आणि विचारावेही. कोणत्या गल्लीत पाण्यावरून भांडण पेटते, रंगपंचमीला रहाडीवर (रंगाच्या पाण्याच्या हौदावर) कोणत्या तरुणांना आधी बोलावून समजावायचे, कोणाचा शब्द वस्तीत चालतो, हे तीस वर्षे बीट केलेल्या माणसाला ठाऊक असते आणि कागदावर नसते. सल्ला त्यांचा घ्यावा, निर्णय स्वतः सांगावा आणि त्याची जबाबदारीही स्वतःच घ्यावी. ‘हवालदार म्हणाले म्हणून मी केले’ हे वाक्य वरिष्ठांसमोर एकदा जरी तोंडून गेले, तरी त्या ठाण्यात पुन्हा कोणी खरा सल्ला देत नाही.

चूक दाखवायची असेल तर दालनात, दार लावून दाखवावी. कौतुक हजेरीत करावे.

आदेश तोंडी द्यावा की लेखी?

रोजचे काम तोंडी आदेशावरच चालते आणि ते तसेच चालावे. मात्र अटक, झडती, बळाचा वापर, कोठडीतील व्यक्ती आणि बंदोबस्तातील जागा सोडणे यांविषयी दिलेल्या आदेशाची स्टेशन डायरीत नोंद असलीच पाहिजे. ही नोंद हाताखालच्या माणसाला संरक्षण देते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४ चे संरक्षण कायद्याच्या आज्ञेला धरून केलेल्या कृतीला मिळते आणि बेकायदेशीर आदेश पाळणाऱ्याला ‘साहेबांनी सांगितले होते’ हा बचाव वाचवत नाही. म्हणून जो आदेश आपण स्वतःच्या सहीने लिहायला तयार नाही, तो दुसऱ्याला तोंडी देण्याचाही आपल्याला नैतिक अधिकार नाही.

अंमलदाराने आदेश लेखी मागितला तर त्याला उद्धट ठरवू नये. त्याने आपल्याला पुन्हा विचार करण्याची एक संधी दिलेली असते.

तपासी अधिकाऱ्यावर देखरेख ठेवताना मर्यादा कुठे आखावी?

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३० नुसार ठाणे प्रभारीपेक्षा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला आपल्या क्षेत्रात ठाणे प्रभारीचे सर्व अधिकार वापरता येतात. तरीही तपासी अधिकाऱ्याने काय निष्कर्ष काढावा, हे वरून सांगणे म्हणजे देखरेख नव्हे. देखरेखीचे साधन आहे केस डायरी, म्हणजे त्या गुन्ह्याच्या तपासाची रोजनिशी. ती कलम १९२ खाली रोजच्या रोज लिहायची असते, आणि पर्यवेक्षकाने ती महिन्याच्या शेवटी गठ्ठ्याने न पाहता गंभीर गुन्ह्यात दर दोन-तीन दिवसांनी वाचावी आणि समासात आपले प्रश्न तारखेसह लिहावेत. ‘तपास जलद करावा’ असा शेरा निरुपयोगी असतो. ‘साक्षीदार क्रमांक ३ दुकानात होता म्हणतो, दुकानाचे चित्रीकरण ताब्यात घेतले का?’ असा शेरा तपासाला पुढे नेतो.

१ जुलै २०२४ पासून या नव्या संहिता लागू झाल्यामुळे पर्यवेक्षकाच्या तपासणीत काही बाबी नव्याने आल्या आहेत. झडती आणि जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रीकरण (कलम १०५) झाले का, सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांना घटनास्थळी बोलावण्याची तयारी (कलम १७६) आहे का, तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवली (कलम १९३) का, हे तिन्ही प्रश्न प्रत्येक गुन्ह्यात विचारावेत. यांपैकी शेवटचा सर्वांत जास्त राहून जातो.

नाशिक ग्रामीणमध्ये द्राक्ष हंगाम संपल्यावर व्यापारी माल घेऊन पैसे न देता निघून गेल्याच्या तक्रारी येतात. अशा गुन्ह्यात परराज्यात गेलेल्या व्यापाऱ्याचा माग काढायला महिने लागतात आणि पिंपळगाव किंवा दिंडोरीच्या शेतकऱ्याला ठाण्यातून एकही फोन न गेल्यास त्याची समजूत अशी होते की पोलिसांनी फाइल बंद केली. तपास प्रामाणिकपणे सुरू असतानाही विश्वास असा जातो. महिन्यातून एकदा तपासी अंमलदाराने फिर्यादीला फोन केला की नाही, हे मी केस डायरीइतकेच काटेकोरपणे पाहत असे.

कोठडीविषयी प्रभारी अधिकाऱ्याची जबाबदारी किती?

संपूर्ण. या प्रश्नाला दुसरे उत्तर नाही.

सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात १९९६ मध्ये घालून दिलेले दंडक प्रत्येक अंमलदाराला पाठ असावेत: साक्षीदाराच्या सहीचा अटक पंचनामा, नातेवाइकाला खबर, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २०२० मध्ये न्यायालयाने पोलीस ठाण्यातील सीसीटीव्हीबाबत आदेश दिले आणि यंत्रणा चालू ठेवण्याची व चित्रीकरण जपण्याची जबाबदारी ठाणे प्रभारीवर टाकली. कॅमेरा बंद असल्याचे प्रभारीला दुसऱ्या कोणाकडून कळणे, ही त्याच्या देखरेखीतील उणीव आहे.

माझ्या सेवेच्या सुरुवातीला एका ठाण्यात रात्री आणलेल्या संशयिताला दम लागत होता. ठाण्यातील अनुभवी मंडळी ‘सोंग करतोय’ म्हणाली आणि मी त्यांचे ऐकून घरी गेलो. पहाटे एका तरुण शिपायाने कोणालाही न विचारता त्याला जिल्हा रुग्णालयात नेले. संशयिताला दम्याचा झटका आलेला होता आणि तो वाचला. त्या शिपायाने परवानगी न घेता ठाणे सोडले म्हणून त्याच्यावर कसुरी अहवाल (शिस्तीच्या कारवाईसाठी वरिष्ठांकडे जाणारा अहवाल) तयार होत होता. मी तो थांबवला आणि त्याच्या सेवापटात बक्षिसाची शिफारस केली. त्या रात्री घरी जाण्याचा निर्णय मात्र माझा होता, आणि तो मी आजही विसरलेलो नाही. तेव्हापासून कोठडीत माणूस असेल तर रात्रीची एक अचानक भेट मी कधी चुकवली नाही, आणि ‘सोंग’ ठरवण्याचे काम डॉक्टरांचे आहे हे प्रत्येक नव्या ठाण्यात पहिल्याच हजेरीत सांगितले.

कोणत्या चुकीला कसुरी अहवाल पाठवावा आणि कोणती समज देऊन सोडावी?

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम २५ आणि १९५६ चे शिक्षा व अपील नियम हा शिस्तीच्या कारवाईचा पाया आहे. ठाणे प्रभारीने अहवाल पाठवायचा असतो आणि वेतनवाढ रोखणे, निलंबन, बडतर्फी यांबाबतचा निर्णय सक्षम वरिष्ठांचा असतो. संविधानाच्या अनुच्छेद ३११ मुळे बडतर्फीपूर्वी चौकशी आणि म्हणणे मांडण्याची संधी हा नियम आहे आणि त्याचे अपवाद अगदी मोजके आहेत.

मी चुकांचे दोन भाग करत असे. उशिरा येणे, नोंद राहणे, गणवेशातील ढिलाई, एखाद्या समन्सची बजावणी चुकणे यांसाठी पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा लेखी समज आणि तिसऱ्यांदा अहवाल. पैसे घेणे, कोठडीत हात उगारणे, खोटी नोंद करणे आणि महिलेशी गैरवर्तन यांसाठी पहिल्याच वेळी अहवाल, मग तो अंमलदार कितीही उपयुक्त असो. गुन्हे शोध पथकातील ‘कामाचा माणूस’ म्हणून ज्याच्याकडे काणाडोळा केला जातो, तोच पुढे संपूर्ण ठाण्याला घेऊन बुडतो.

अहवाल रागात लिहू नये. एक रात्र जाऊ द्यावी आणि सकाळी केवळ घटना, वेळ, ठिकाण आणि साक्षीदार लिहावेत. ‘सदर अंमलदार नेहमीच बेजबाबदार असतात’ असे वाक्य विभागीय चौकशीत टिकत नाही.

रजा आणि ड्युटीचे वाटप यावरून सतत नाराजी असते. काय करावे?

पोलिसांना संघटना करण्यावर १९६६ च्या केंद्रीय कायद्याने कडक बंधने आहेत. त्यामुळे शिपायाला आपले गाऱ्हाणे मांडायला दरबार (वरिष्ठांसमोर गाऱ्हाणी मांडण्याची सभा), ऑर्डर्ली रूम (वरिष्ठांसमोर एकेकट्याची हजेरी) आणि आपले दालन याखेरीज फारशी जागा नसते. हे ध्यानात ठेवले की रजेचा अर्ज हातात घेण्याची पद्धतच बदलते.

साप्ताहिक सुट्ट्यांचा तक्ता महिन्याच्या सुरुवातीला भिंतीवर लावावा. बंदोबस्तामुळे सुट्टी रद्द झाली तर ती कधी भरून मिळेल, हे त्याच दिवशी सांगावे. न्यायालय, रुग्णालय आणि वायरलेसची कामे ‘सोयीची’ समजली जातात आणि गस्त व नाकाबंदी ‘शिक्षेची’. ही विभागणी ठरावीक महिन्यांनी फिरवली नाही, तर ठाण्यात दोन जाती तयार होतात.

महिला अंमलदारांसाठी २०२२ पासून आठ तासांच्या ड्युटीचे धोरण आले. ते पाळताना त्यांना केवळ कार्यालयीन कामात अडकवून ठेवणे हा त्यांच्यावर दुसरा अन्याय आहे. त्यांना तपास द्यावा, बीट द्यावे. बंदोबस्ताच्या जागी स्वच्छतागृहाची सोय आहे की नाही हे आदल्या दिवशी अधिकाऱ्याने स्वतः पाहावे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाबाबत २०१३ चा कायदा पोलिसांनाही लागू आहे आणि अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावे ठाण्यात दिसतील अशी लावलेली असावीत.

एखादा अंमलदार अचानक गप्प झाला, कर्जाच्या किंवा घरच्या कटकटीने झोपेविना येऊ लागला, दारूचा वास येऊ लागला, तर त्याची ड्युटी शस्त्रावरून शांतपणे बदलावी, घरच्यांशी बोलावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. हे काम कल्याण शाखेचे आहे असे समजून थांबू नये. तेवढ्या उशिराने माणूस हातचा जातो.

सिंहस्थ कुंभमेळ्याच्या बंदोबस्तात बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या शेकडो माणसांचे नेतृत्व कसे करावे?

२७ ऑगस्ट २००३ रोजी रामकुंडाकडे जाणाऱ्या सरदार चौक परिसरात अरुंद, उताराच्या रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्युमुखी पडले. नाशिकमध्ये बंदोबस्ताचा विचार त्या दिवसापासून सुरू करावा लागतो. २०१५ मध्ये उलट घडले. २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला (मुख्य स्नानाच्या दिवशी) अडथळे इतके कडक होते की भाविकांना फार पायपीट झाल्याची टीका झाली, आणि १३ सप्टेंबरच्या पर्वणीला बंदोबस्तात मोकळीक दिली गेली. गर्दी अडवणे आणि गर्दी वाहती ठेवणे यांतील तोल मैदानावरच्या अधिकाऱ्याला साधावा लागतो आणि २०२७ च्या पर्वण्यांनाही हाच प्रश्न समोर असणार आहे.

नंदुरबार किंवा सोलापूरहून आलेल्या शिपायाला पंचवटी कुठे संपते आणि गोदाघाटाचा कोणता उतार धोक्याचा, हे माहीत नसते. त्याला लाउडस्पीकरवरून पाचशे जणांसोबत दिलेली माहिती पुरत नाही. आठ-दहा जणांचा गट करावा, प्रत्येक गटात एक स्थानिक अंमलदार द्यावा आणि पर्वणीच्या आदल्या दिवशी त्या गटाला त्याच्या जागेवरून पुढच्या आणि मागच्या पॉइंटपर्यंत पायी चालवावे. प्रत्येकाला चार गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: माझ्या जागेवरून लोक कुठे जातात, रस्ता बंद झाला तर त्यांना कुठे वळवायचे, सर्वांत जवळचे वैद्यकीय पथक कुठे आहे आणि मला बदली कोण व केव्हा येणार.

याहून महत्त्वाचा आहे थांबवण्याचा अधिकार. पुढे गर्दी साचते आहे हे सर्वप्रथम त्या जागेवरच्या शिपायाला दिसते. नियंत्रण कक्षाची परवानगी येईपर्यंत त्याने मागून येणारा लोंढा सोडत राहावे, अशी रचना असेल तर ती रचनाच धोकादायक आहे. ‘गर्दी साचते आहे असे वाटले तर आधी थांबवा, मग वायरलेसवर कळवा, चूक ठरली तर उत्तर मी देईन’ हे वाक्य पॉइंट प्रमुखाने प्रत्येकाला तोंडावर सांगावे आणि नंतर ते पाळावे.

दुसरी अडचण हद्दीची आहे. नाशिक शहर पोलीस आयुक्तांच्या अखत्यारीत येते, तर त्र्यंबकेश्वर ग्रामीण पोलीस अधीक्षकांच्या. २०१५ मध्ये दोन्हीकडची शेवटची पर्वणी वेगवेगळ्या तारखांना होती, नाशिकला १८ सप्टेंबरला आणि त्र्यंबकला २५ ला. भाविकाला मात्र हद्द दिसत नाही, तो एकाच बसने दोन्हीकडे जातो. हद्दीवरच्या पॉइंटवर दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांनी एकमेकांचे मोबाईल क्रमांक घेऊन आधी एकदा समोरासमोर भेटलेले असावे, केवळ नकाशावर नव्हे.

आणि जेवण. बारा तास उभ्या असलेल्या माणसाला पाणी, जेवण आणि बसायला अर्धा तास मिळतो की नाही, हे पाहण्याचे काम अधिकाऱ्याचे आहे. मी प्रत्येक पर्वणीला आपल्या शेवटच्या माणसाचे जेवण झाल्यावर जेवलो.

वशिल्याचे फोन येतात तेव्हा काय करावे?

फोन घ्यावा, सभ्यतेने ऐकावे आणि ‘कायद्याप्रमाणे होईल ते करतो’ एवढेच सांगावे. पोलीस सुधारणांविषयी सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग प्रकरणात दिलेल्या २००६ च्या निकालानंतर महाराष्ट्राने पोलीस अधिनियमात बदल्या-नेमणुका पाहणारी पोलीस आस्थापना मंडळे आणि निश्चित पदावधी यांच्या तरतुदी आणल्या. कलम २२-न खाली ठाण्यातील अधिकाऱ्याला सर्वसाधारणपणे दोन वर्षांचा अवधी आहे. मुदतपूर्व बदल्या होतात, हे खरे आहे. पण फोनमुळे घेतलेला चुकीचा निर्णय बदलीनंतरही आपल्या नावावर राहतो, आणि हाताखालची माणसे त्या क्षणी आपल्याकडे पाहत असतात.

माझ्या अंमलदाराविरुद्ध नागरिकाने तक्रार केली, तर आपल्या माणसाची बाजू घ्यावी का?

आधी तक्रारदाराला बसवून पूर्ण ऐकावे, अंमलदाराला तिथे बोलावू नये. मग अंमलदाराला वेगळे ऐकावे. सीसीटीव्ही, स्टेशन डायरी आणि कॉल नोंद पाहिल्याशिवाय दोघांपैकी कोणालाही काही आश्वासन देऊ नये. तक्रार खोटी निघाली तर तसे लेखी नोंदवून अंमलदाराच्या पाठीशी उघडपणे उभे राहावे. खरी निघाली तर तितक्याच उघडपणे अहवाल पाठवावा. गुन्हा नोंदवायला नकार दिल्याची तक्रार असेल, तर नागरिकाला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली थेट अधीक्षकांकडे जाता येते, ही माहिती आपणच त्याला द्यावी.

माझ्या आदेशामुळे हाताखालच्या माणसाकडून चूक झाली तर?

त्याच दिवशी, वरिष्ठांनी विचारण्यापूर्वी, स्वतःच्या सहीने अहवाल लिहावा: आदेश काय होता, केव्हा दिला, कोणी पाळला. एका नाकाबंदीत मी चुकीच्या वर्णनाची गाडी अडवण्यास सांगितली आणि एका कुटुंबाला रस्त्यावर दोन तास थांबावे लागले. चौकशी सुरू झाली तेव्हा नोटीस प्रथम नाकाबंदीवरच्या हवालदारांच्या नावे निघाली. मी वर्णन देणाऱ्या वायरलेस संदेशाची प्रत जोडून, तो संदेश माझा होता असे लिहून दिले. नोटीस माझ्या नावे बदलून आली, मला लेखी समज मिळाली आणि ती माझ्या सेवापटात आहे. ते हवालदार पुढे माझ्यासोबत आणखी दोन ठाण्यांत होते.